खोलीचं तापमान

शहाद्याच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र विभागाच्या मागे पत्र्याची एक खोली आहे. पूर्वी तिथे मोडकी बाकं टाकायचे. एप्रिल-मे महिन्यात त्या खोलीत घटकाभर उभं राहिलं तरी डोकं भणभणतं. चेतना भाईदास पाटील हिने आपल्या उमेदीची सगळी वर्षं त्या खोलीत काढली. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवतो. रसायनातलं मला ओ की ठो कळत नाही. माणसं मात्र थोडीफार कळतात आणि रागही पटकन येतो, त्यामुळे हे लिहिताना तोल सांभाळीन अशी हमी मी देत नाही.

चेतना जवळच्याच ब्राह्मणपुरी गावची. गुजर पाटलांचं घर, केळी आणि कापूस, दारात ट्रॅक्टर, खाऊन-पिऊन सुखी. वडील भाईदासभाऊ कमी बोलणारे आणि आई जसोदाबाई त्यांच्या वाटणीचंही बोलणारी. मोठा भाऊ नवनीत डिप्लोमा करून गुजरातेतल्या औषधांच्या एका केमिकल फॅक्टरीत लागला होता. तिथे एकदा सॉल्व्हंटचा पिंप पेटला. नवनीत वाचला, पण त्याचे दोन्ही हात असे झाले की आजही तो शर्टाची बटणं स्वतः लावू शकत नाही. चेतना तेव्हा बारावीत होती. दवाखान्यात तिने डॉक्टरांना विचारलं म्हणे, की औषधं बनवायला एवढी आग आणि एवढं विष लागतंच का. डॉक्टरांनी तिला बाहेर बसायला सांगितलं.

तो प्रश्न घेऊन ती एम.एस्सी.पर्यंत गेली. पुढे आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवायला लागली आणि आमच्याच विभागप्रमुखांकडे, डॉ. हिंमतराव सरांकडे, पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय होता दिसणाऱ्या उजेडाच्या मदतीने रसायनं तयार करणं. हे काय असतं ते मी तिला एकदा स्टाफरूममध्ये विचारलं. चहा घेता घेता तिने मला समजेल असं सांगितलं. दोन पदार्थ एकमेकांना जोडायचे तर एरवी त्यांना तापवावं लागतं, नाहीतर काहीतरी जहाल घालावं लागतं. त्याऐवजी चिमूटभर रंग घालायचा, इओसिन नावाचा, गुलाबी. दवाखान्यात रक्त तपासताना काचेवर टाकतात तोच. या रंगावर उजेड पडला की त्याच्या अंगात येतं. मग तो शेजारच्या रेणूला धरून हलवतो, त्यांची जोडी लावून देतो आणि स्वतः शांत होऊन पुन्हा पहिल्यासारखा बसतो. रंग खर्च होत नाही, आग लागत नाही, घाण उरत नाही.

"म्हणजे भगत घुमतो तसं," मी म्हणालो.

"तसंच. फक्त हा नारळ-कोंबडा मागत नाही," ती म्हणाली. तेव्हा ती अशी हसायची.

याला हरित रसायन म्हणतात, हे गावात कळलं तेव्हा वेगळीच गंमत झाली. भाईदासभाऊंच्या शेजारचे शांतीलालभाऊ बाटली घेऊनच आले. पोरीने हिरवं औषध काढलंय तर केळीवर मारायला थोडं द्या, पानं पिवळी पडायला लागलीत. चेतनाने त्यांना बसवून सगळं समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जाताना बाटली ओट्यावर ठेवून गेले, तयार झालं की भरून ठेवा म्हणून. कॉलेजातली पोरं तिला लाइटवाल्या मॅडम म्हणायची. तिला त्याचा राग नव्हता.

काम मात्र तिने जीव लावून केलं. विभागातली चांगली प्रयोगशाळा पदवीच्या पोरांसाठी, एसीची खोली हिंमतराव सरांच्या कॉम्प्युटरसाठी, तेव्हा चेतनाच्या वाट्याला ती पत्र्याची खोली आली. लग्नात मंडपाला लावतात तसल्या हिरव्या एलईडीच्या माळा तिने बस स्टँडजवळच्या डेकोरेशनवाल्याकडून आणल्या, स्टीलच्या डब्याला आतून गुंडाळल्या, मध्ये काचेचा चंबू. उजेड कमीजास्त करायला एक काळं बटन. हे तिचं यंत्र. त्या यंत्राच्या जोरावर तिचे आणि सरांचे मिळून पेपर छापून आले. प्रत्येक पेपरात अभिमानाने लिहिलेलं असायचं की ही क्रिया केवळ उजेडावर, खोलीच्या तापमानाला, कसलीही उष्णता न देता होते. नाव पहिलं सरांचं, मग तिचं. यालाही ती काही म्हणाली नाही, मी म्हणालो.

हे उजेडामुळेच होतं कशावरून, असं कुणीतरी विचारणारच. म्हणून तोच चंबू अंधारात ठेवूनही दाखवावा लागतो. अंधारात काही झालं नाही तर श्रेय उजेडाचं. ही तपासणी तिने विद्यापीठात केली, कारण तिथे उपकरणांच्या खोलीत बंद कपाट होतं. काळा कागद गुंडाळलेला चंबू मांडीवर घेऊन ती एसटीने गेली, कपाटात ठेवला, दुसऱ्या दिवशी पाहिला. काही झालेलं नव्हतं. सर खूश झाले. त्या खोलीत उपकरणांसाठी एसी इतका जोरात चालतो की तिथली माणसं मे महिन्यात स्वेटर घालून बसतात, ही गोष्ट चेतनाने मला नंतर सांगितली. तेव्हा तिच्या, सरांच्या किंवा पेपर तपासणाऱ्या शहाण्यांच्या डोक्यात ती आली नाही. पेपर तपासणाऱ्यांना तरी काय दोष द्यायचा. खोलीचं तापमान म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांची खोली आली. शहाद्यातली पत्र्याची खोली वैशाखात काय असते हे त्यांना कोण सांगणार?

थंडीत तिचं काम रेंगाळायचं. सर म्हणायचे, दिवा कमी पडतोय. मग जास्त माळा गुंडाळल्या, डबा हाताला गरम लागायला लागला आणि काम पुन्हा मार्गी लागलं. सगळं समोर होतं हो. पण जे हवं होतं तेच दिसत होतं, म्हणून कुणी वळून पाहिलं नाही.

मग कित्येक वर्षांनी आमच्याकडे रसायनशास्त्राची कायम जागा निघाली. पीएच.डी. हातात असेल तर ती जागा चेतनाचीच, हे सगळे धरून चालले होते. तिकडे जसोदाबाईंनी आलेली स्थळं एकामागोमाग एक परत पाठवली होती. पोरगी डॉक्टर व्हई ऱ्हायनी, असं त्या पाहुण्यांना चहा देता देता सांगायच्या. प्रबंध सादर झाला होता. एका परीक्षकाने फक्त एवढंच मागितलं होतं, की हीच क्रिया मोठ्या प्रमाणावर एकदा करून दाखवा. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, कॉलेजला कुलूप. म्हणून चेतनाने डबा, चंबू, माळा सगळं ब्राह्मणपुरीला नेलं आणि घरामागच्या कापूस भरायच्या खोलीत मांडलं. तीही पत्र्याचीच.

जसोदाबाईंना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण त्या हिरव्या दिव्यावर पोरीचं सगळं अडलंय एवढं कळत होतं. त्यांनी त्या खोलीत चप्पल नेणं बंद केलं. दाराशी रांगोळी टाकली. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की कापसाच्या खोलीत येऊन त्या डब्याला हळद-कुंकू लावायच्या. चेतना ओरडायची, माय, आत पडेल. मग त्या बाहेरच्या बाजूने लावायच्या.

एके दिवशी उत्तरपत्रिका तपासायच्या केंद्रावर चेतनाला अचानक शहाद्याला बोलावलं. सकाळी तिने दिवा मंद ठेवून क्रिया सुरू केली होती. दुपारी दिवा पूर्ण जोरात करायचा होता. तिने घरी फोन केला. मी शेजारच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उपसत होतो, मला तिचे शब्द ऐकू आले. "माय, तठे काळं बटन शे ना, ते फिराव आनि दिवा मोठा कर."

मराठी शिकवणारा मी माणूस, पण माझ्याही लक्षात आलं नाही. आपल्याकडे जुनी माणसं देवापुढचा दिवा विझला असं तोंडाने म्हणत नाहीत. विझणं अशुभ. दिवा मोठा केला म्हणतात, वाढवला म्हणतात, आणि मग पदराने वारा घालून शांत करतात. ट्यूबलाइटला कुणी असं बोलत नाही, ती सरळ बंद करतात. पण ज्या दिव्याला रोज हळद-कुंकू वाहिलं तो मोठा कर, असं लेकीने फोनवर सांगितल्यावर जसोदाबाई दुसरं काय करणार होत्या? चेतना अकरावीपासून होस्टेलात राहिलेली, वह्या-पुस्तकांच्या मराठीत मुरलेली. तिला मोठा म्हणजे मोठाच म्हणायचं होतं. आईने बटन उलटं फिरवलं, टक् वाजेपर्यंत. मग हात जोडले आणि दार ओढून घेतलं.

संध्याकाळी चेतना घरी आली तर खोलीत अंधार. जसोदाबाई कौतुकाची वाट बघत उंबऱ्याशी उभ्या.

"तूच बोलनी ना, दिवा मोठा कर. हात जोडीसन मोठा करी दिना."

चेतनाने बटन पाहिलं. दुपारपासून दिवा बंद. सगळा माल, सगळा रंग, परीक्षकाने मागितलेलं सगळं फुकट गेलं असं तिला वाटलं. चंबू ओतून टाकायला उचलला, पण टाकण्याआधी तपासायची सवय हाताला होती. पांढरा थर दिलेल्या पट्टीवर एक थेंब ठेवून ती द्रावणात उभी करतात. मग मूळ पदार्थ किती उरला आणि नवा किती झाला ते ठिपक्यांवरून कळतं. तिने पट्टी पाहिली. मूळ पदार्थ उरलाच नव्हता. सगळा नवा झाला होता.

ती मला नंतर म्हणाली, क्षणभर मला आनंद झाला सर, प्रयोग वाचला म्हणून. मग लक्षात आलं, दिवा तर दुपारपासून बंद होता.

पुढचे काही दिवस तिने त्या खोलीत काय केलं ते घरात कुणाला कळलं नाही. चंबूला फॉइल गुंडाळलं, वर गोधडी टाकली, दिवा लावलाच नाही. माल तयार झाला. रंगही न घालता करून पाहिलं. तयार झाला. मग उलटं केलं. बर्फाच्या पाण्यात चंबू बुडवून दिवा पूर्ण जोरात लावला. काहीही झालं नाही. रंगाच्या अंगात कधी आलंच नव्हतं. इतकी वर्षं काम करत होता तो उन्हाने तापलेला पत्रा आणि थंडीत दिव्याची ऊब. ज्या उष्णतेशिवाय रसायन करून दाखवायचं म्हणून ती निघाली होती, ती उष्णताच गुपचूप सगळं करत होती.

ती हिंमतराव सरांकडे गेली. मला सोबत नेलं, कारण एकटीने जायची भीती वाटते म्हणाली. सर झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की ज्या प्रयोगात दिवा गेला तो प्रयोग बाद, बाद प्रयोगाचा निकाल धरायचा नसतो. चेतना म्हणाली, नंतर मुद्दाम अंधारात केलेले प्रयोग बाद कसे? सर म्हणाले, तू थकली आहेस.

"सर, आपण सगळीकडे खोलीचं तापमान लिहिलंय."

"मग? खोटं आहे का ते?" सर म्हणाले. "खोलीचंच होतं ना तापमान?"

मी आयुष्यात बरीच वाक्यं वाचली आहेत, वर्गात फोडून शिकवली आहेत. इतकं निर्लज्ज आणि इतकं व्याकरणशुद्ध वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

त्यांनी मग तिला प्रेमाने समजावलं. तोंडी परीक्षा उरकून घे, जागा घे, कायम झालीस की हवं तर नवा पेपर लिही, की या क्रियेत उष्णतेचाही थोडा वाटा आहे. थोडा वाटा. चेतना मान खाली घालून ऐकत होती. मला वाटलं, ऐकेल. खरं सांगायचं तर ऐकावं असंही मला वाटलं. नवनीतचे हात, आईने परत पाठवलेली स्थळं, तिचे पिकायला लागलेले केस, हे सगळं मी पाहत होतो. तिने एवढंच विचारलं, की उद्या कुणी कारखानदाराने हे वाचून थंड देशात दिव्यांची रांग लावली आणि काहीच झालं नाही, तर तो कुणाला विचारेल? सर हसले. आपले पेपर कारखानदार वाचत नाहीत, म्हणाले. ते मात्र खरं होतं.

तिने प्रबंध मागे घेतला. ज्या नियतकालिकांत पेपर आले होते त्यांना स्वतःच्या नावाने कळवलं. एकाने पेपरखाली बारीक अक्षरात टीप टाकली, बाकीच्यांनी पोच दिली आणि विसरले. सरांच्या नावाला धक्का लागला नाही, कारण सरांनी त्याआधीच सगळीकडे गोष्ट पसरवली होती. पोरगी हुशार, पण ऐन वेळी आईने दिवा बंद केला, प्रयोग बिघडला आणि पोरीने धीर सोडला. खेड्यात असं होतं, काय करणार. ही गोष्ट ऐकायला सोपी होती, हसू यायला सोयीची होती आणि तीत कुणी चोर नव्हता. आठवडी बाजारापर्यंत ती पोहोचली. कायम जागेवर सरांचीच दुसरी विद्यार्थिनी, स्वप्नाली, लागली. तिचा प्रबंध त्याच हिरव्या दिव्यावर आहे. त्या हिवाळ्यात हरित रसायनाच्या परिषदेत सरांना शाल-श्रीफळ मिळालं. पुढच्या वर्षी तासिका तत्त्वावरच्या यादीत चेतनाचं नाव नव्हतं.

कॉलेजातलं तिचं सामान न्यायला मी गाडी काढली. काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून दोन खोक्यांत भरली, तो डबाही घेतला. ब्राह्मणपुरीला पोहोचलो तर जसोदाबाई ओसरीत बसलेल्या, डोळे सुजलेले. नवनीतने सांगितलं की माय सकाळी एकटीच शहाद्याला गेली होती, हिंमतराव सरांच्या घरी. त्यांच्या पायावर डोकं ठेवून आली. मन्हा हातथीन चुकी व्हयनी, पोरले कसाले सजा, असं म्हणून रडली. आणि सरांनी, त्या थोर माणसाने, तिला उठवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, जाऊ द्या माय, झालं गेलं, मी माफ केलं.

चेतनाच्या हातातलं खोकं मी काढून घेतलं. इतक्या महिन्यांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही ती रडली नाही. आईसमोर मांडी घालून बसली आणि तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं, अहिराणीत, एकही पुस्तकी शब्द न वापरता. तुझी काही चूक नाही. दिवा बंद होता तरी माल झाला. तू बंद केलास म्हणून तर खरं कळलं. चूक आमची, आम्ही कधी नीट पाहिलंच नाही. सर खोटं बोलले.

जसोदाबाईंनी डोळे पुसले. त्या वेड्या नव्हत्या. घरातल्या कापसाचा भाव त्याच ठरवायच्या. त्यांनी कोपऱ्यात ठेवलेल्या डब्याकडे पाहिलं. त्याच्यावर अजून कुंकवाचे डाग होते.

"मंग इतला वरीस तो दिवा काय करी ऱ्हायना व्हता?"

"काहीच नही, माय."

भाईदासभाऊ उठून गोठ्याकडे गेले. जसोदाबाईंनी लेकीचा हात हातात घेतला.

"आशी नको बोलू, बेटा. मीच दिवा मोठा करी दिना, म्हनीसन काम बिघडनं. लोकसले आसंच सांग."

चेतना आता शहाद्यात एका खासगी क्लासमध्ये दहावीला विज्ञान शिकवते. पीएच.डी.चं काय झालं असं कुणी विचारलं तर ती आईने सांगितलं तसंच सांगते.